धाप लागण्यापूर्वी
पंचविशी उलटली की प्रत्येकाच्याच फुप्फुसांची शक्ती वर्षागणिक घटत जाते. एका सेकंदात किती हवा जोराने बाहेर टाकता येते, हे तिचे माप. लंडनमधील ७९२ पुरुषांची आठ वर्षे अशी मोजणी करून फ्लेचर व पीटो यांनी १९७७ साली दाखवून दिले की, सिगारेटचा धूर ज्यांना बाधतो त्यांची ही झीज कितीतरी वेगाने होते. धाप लागेपर्यंत मात्र तिचा पत्ता लागत नाही. गमावलेली शक्ती परत येत नाही. पण सिगारेट सोडताच झिजेचा वेग न ओढणाऱ्याइतका मंदावतो. गोव्याने १९९७ साली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचा कायदा केला खरा. परंतु कायदा ओसरीपर्यंत पोहोचत नाही. तेथे निश्चय ज्याचा त्यानेच करावयाचा, आणि तोही धाप लागण्यापूर्वी!