काठ्यांसह चालण्याचा व्यायाम

हाती काठी येणे म्हणजे वार्धक्याची चाहूल, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. यावल तालुक्यातील गावोगावी, गुडघे दुखू लागल्यामुळे फिरावयास जाणे सोडलेली, परंतु लोक हसतील म्हणून काठी घेण्यास तयार नसलेली माणसे आढळतात. त्यांत सेवानिवृत्त शिक्षकही असतात. प्रस्तुत लेखकाची गणना दोन वर्षे त्यांतच होत होती. बसून राहिल्याने गुडघे तर सुधारले नाहीतच. उलट मांड्यांचे स्नायू क्षीण होऊन जिना चढणेही अवघड झाले. यास्तव, काठी हे व्यायामाचेही साधन आहे, हे शिक्षकबंधुभगिनींपुढे मांडणे अवश्य वाटते.

हा व्यायाम मूळचा फिनलंड देशातील होय. तेथील लोक हिवाळ्यात पायांना लांब पट्ट्या बांधून, दोन्ही हातांतील काठ्यांनी रेटा देत बर्फावरून घसरत जातात. उन्हाळ्यात सराव तुटू नये म्हणून हे खेळाडू काठ्या घेऊन नुसतेच चालू लागले. १९६६ साली हेलसिंकी येथील व्यायामशिक्षिका लीना यास्केलायनेन यांनी ही रीत शाळेतील शारीरिक शिक्षणात आणली. पुढे १९९७ मध्ये या व्यायामाकरिता खास काठ्या विक्रीस आल्या व त्याचा प्रसार अन्य देशांत झाला.

आधाराची काठी आणि व्यायामाची काठी यांतील भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. आधाराची काठी एक असते. ती पुढे टेकून तिच्यावर भार टाकतात. व्यायामाच्या काठ्या दोन असून त्या तिरप्या, टोके मागे राहतील अशा धरावयाच्या असतात. उजवा पाय पुढे पडला की डावा हात पुढे यावा, काठी पुढच्या पावलाच्या मागे टेकावी आणि हात कमरेच्या मागे जाईपर्यंत जमीन मागे रेटावी. रेटा संपताच मूठ सैल सोडावी. नुसत्या चालण्यात रिकामे झुलणारे हात असे कामास लागतात. दंड, खांदे व पाठ यांना व्यायाम घडतो, आणि त्याच वेगाने चालूनही शरीराची शक्ती सुमारे एकपंचमांश अधिक खर्च होते. उतारावर काठ्या गुडघ्यांवरील भार हलका करतात. सपाटीवरही तसे हमखास घडते असे मात्र समजू नये.

काठी टेकून उभे राहिले असता कोपराचा काटकोन व्हावा, इतकी तिची लांबी असावी. उंचीस ०.६८ ने गुणिले की ती मिळते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या मनुष्यास ११२ सेंटिमीटरची काठी पुरते. विकतच्या काठ्या महाग पडतात. लेखकाने बुरुडाकडून दोन हलके, सरळ बांबू आणिले, टोकांस कुबडीला असतात तसल्या रबरी टोप्या बसविल्या आणि मुठीपाशी रुंद सुती पट्टीचे फासे बांधिले. मूठ सैल केली तरी काठी या फाशांमुळे पडत नाही.

पहिल्या दिवशी सातपुड्याच्या बाजूस जाणाऱ्या वाटेवर मोठीच फजिती झाली. डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे जाई. केळीच्या बागेकडे निघालेल्या एका मजुराने विचारले, “गुरुजी, मेंढरं कुठं राहिली?” यावर उपाय सोपा आहे. काठ्या हातांत सैल सोडून, मागे फरफटत, शंभरेक पावले नेहमीप्रमाणे चालावे. हातापायांचा मेळ आपोआप जमतो, मग रेटा द्यावा. (तो मजूर आता काही विचारीत नाही.)

विद्यार्थ्यांकडून हा व्यायाम करवून घ्यावयाचा असल्यास प्रत्येकाची काठी त्याच्या उंचीप्रमाणे कापावी. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलास ८२ सेंटिमीटरची काठी लागते. टोके बोथट असावीत, दोन मुलांत तीन-चार पावलांचे अंतर असावे आणि काठ्या हाती असता धावण्यास सक्त मनाई असावी. प्रौढांपैकी ज्यांना हृदयविकार आहे अथवा चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपल्या खानदेशी उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच निघावे, पाणी बरोबर ठेवावे आणि पहिला पंधरवडा वीस मिनिटांहून अधिक चालू नये.