पोरांच्या सायकली आणि रिपॅकचा उतार

सायकल ओव्हरऑइलला टाकली की मागच्या चाकाचा हब उघडताना बघायला मला शाळेपासून आवडतं. काळं पडलेलं ग्रीस, त्यात रुतलेले छर्रे, रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा चकाकणारे कोन. या आवडीपायी जुन्या ब्रेकांबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाबाहेरच्या एका मातीच्या रस्त्यापाशी पोचले. आज कॅनडातल्या व्हिसलरसारख्या रिसॉर्टमध्ये आई-वडील सात-आठ वर्षांच्या मुलांना चेअरलिफ्टने डोंगरावर नेतात आणि सायकलवरून त्यांच्यासोबत खाली उतरतात. हा खेळ जिथून निघाला तो हाच रस्ता. तो ज्या सायकलींवर सुरू झाला, त्या मात्र मुळात लहान मुलांसाठी बनवलेल्या होत्या.

अमेरिकेत मोटारी आल्या तशी मोठ्या माणसांनी सायकल सोडली आणि ती पोरांची वस्तू झाली. पोरं सायकल फूटपाथवरून खाली उडवणार, अंगणात आपटणार, पेपर टाकायला दगडधोंड्यांतून नेणार. शिकागोच्या फ्रँक श्विन यांनी 1933 मध्ये या पोरांसाठी सव्वादोन इंचांना थोड्या कमी रुंदीच्या, हवेने फुगलेल्या जाड टायरांची दणकट सायकल काढली. तिला हाताचा ब्रेक नव्हता. पायडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये ब्रेक लागायचा. लोखंड जड, गियर नाहीत, पण मोडायची नाही.

चाळीस वर्षांनी या सायकली फेअरफॅक्स ज्या मॅरिन काउंटीत आहे तिथल्या भंगारात आणि कोठारांत पडून होत्या. गावातली विशी-पंचविशीची काही मुलं त्या किरकोळ भावात उचलू लागली. श्विन कंपनीच्या जुन्या एक्सेलसियर सांगाड्याला सगळ्यांत जास्त मागणी. त्यांतला चार्ली केली हा 'सन्स ऑफ चॅम्पलिन' या रॉक बँडचं सामान वाहणारा गडी. दिवसा उजेडी मोकळा आणि नोंदी ठेवण्याची विलक्षण हौस असलेला. फेअरफॅक्सजवळ कॅस्केड कॅन्यनमध्ये वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक रस्ता होता. सुमारे दोन मैलांत 1300 फूट खाली जाणारा. या उतारावर उलट्या पायडलचा ब्रेक सतत दाबून ठेवावा लागे, हब तापे, आतलं ग्रीस जळून धूर निघे. खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरायचं, हा नेमच झाला. त्या कामावरूनच रस्त्याचं नाव रिपॅक पडलं.

कोण जास्त वेगवान, हा वाद मिटवायला 21 ऑक्टोबर 1976 रोजी तिथे पहिली शर्यत झाली. अ‍ॅलन बाँड्स जिंकला. बाकीचे वाटेत पडले. वेळ मोजायला नौदलाचं एक जुनं क्रोनोमीटर आणि सेकंदकाटा असलेलं गजराचं घड्याळ, एक वर आणि एक खाली. केलीने या शर्यतींची वही ठेवली: तारीख, नावं, प्रत्येकाची वेळ. माझ्या मते डोंगरी सायकलच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोलाचा कागद आहे. स्वार दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटत. कोणी आधी सुटायचं हे वहीतल्या मागच्या वेळेवरून ठरे. हळू जाणारा आधी, सगळ्यांत वेगवान शेवटी. गॅरी फिशरची 4 मिनिटं 22 सेकंद, त्याच्यामागोमाग जो ब्रीझची 4 मिनिटं 24 सेकंद. स्त्रियांमध्ये वेंडी क्रॅगची 5 मिनिटं 27 सेकंद. या मंडळींचे आज दिसणारे कितीतरी फोटो वेंडीनेच काढलेले आहेत, आणि स्वतः उतार उतरणारी बाई म्हणून तिचं नाव मात्र इतिहासात उगीच बारीक अक्षरांत राहिलं.

या फोटोंत वळण कसं घेतात ते बघावं. मागचं चाक ब्रेकने अडवलेलं, सायकल आडवी घसरते आहे, आतल्या बाजूचा पाय जमिनीकडे लांबवलेला, मागे धुळीचा लोट. ब्रेक फक्त मागच्या चाकाला असल्यावर दुसरा उपाय नसतो. उतारावर ब्रेक मारला की अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. म्हणूनच या मंडळींनी मोटरसायकलचे लिव्हर, पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक, मागे गियर असं एकेक बसवायला घेतलं. पोरांच्या सायकलीतून मोठ्यांची सायकल निघाली ती या ब्रेकच्या खटपटीतून.

पुढचं थोडक्यात सांगते. 1977 मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी पहिला सांगाडा जोडला, 1979 मध्ये केली आणि फिशर यांनी अशा सायकलींची कंपनी काढली, 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही डोंगरी सायकल कारखान्यातून बाहेर पडली. उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या स्की रिसॉर्टना लिफ्ट चालू ठेवायला कारण मिळालं. व्हिसलरचं बाइक पार्क 1999 मध्ये रीतसर सुरू झालं.

व्हँकूवरच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या या पार्कचं मला सर्वांत आवडतं ते तिथलं मातीकाम. डेव्ह केली, टॉम प्रोहास्का आणि रॉब कोकिट यांनी तिथल्या वाटा घडवल्या आणि पुढे ग्रॅव्हिटी लॉजिक नावाने तेच काम इतर देशांत केलं. त्यांच्या ए-लाइन या प्रसिद्ध वाटेवरच्या बहुतेक उड्यांचा मधला भाग मातीने भरून सपाट केलेला आहे. उडी आखूड पडली तरी स्वार खड्ड्यात न जाता सपाटीवर टेकतो, आणि उडायचंच नसेल तर चाकं जमिनीवर ठेवून वरून जाता येतं. वाटांना स्कीचेच रंग: हिरवी सोपी, निळी मधली, काळी अवघड. मुलाला पहिल्या दिवशी 'ईझी डझ इट' या हिरव्या वाटेवर न्यावं, आणि मूल स्वतः मागेपर्यंत तिथेच ठेवावं. 'बी-लाइन' निळी आहे म्हणजे पुढची यत्ता आहे असं समजून दुपारीच तिथे पोचणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांचं मला पटत नाही. रिपॅकवरची चार्ली केलीची वही मोठ्यांची होती. मुलाच्या उताराला घड्याळ लावू नये.

हे पटत नाही याला आधार आहे. 2009 च्या हंगामात व्हिसलरच्या आरोग्य केंद्रात पार्कमधून आलेल्या जखमींच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केल्या. 898 जखमी, त्यांपैकी 420 जणांची मिळून 595 हाडं मोडलेली, आणि त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश हाताची आणि खांद्याची. यात बहुतेक तरुण पुरुष होते, मुलं थोडी. पण माणूस पडताना हात पुढे करतो, हे सातव्या वर्षीही तसंच. तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्याचं आणि कोपराचं पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे याबाबत कुठलीच सवलत देऊ नये.

त्याहून मोठी गोष्ट सायकलीच्या मापाची. कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, तशी सायकलही घेतो आणि फसतो. मोठ्या सायकलवर मुलाला पायडलं समांतर ठेवून उभं राहता येत नाही, अंग मागेपुढे सरकवायला जागा उरत नाही. ब्रिटनच्या आयला रौनट्री यांनी 2005 मध्ये श्रॉपशरमध्ये आयलाबाइक्स सुरू केली. त्या स्वतः सायक्लोक्रॉसच्या नामांकित स्वार. नात्यातल्या, ओळखीतल्या मुलांच्या जडशीळ सायकली बघून त्यांनी हलका सांगाडा, आखूड क्रँक आणि छोट्या पंज्याला पोचतील असे ब्रेकचे लिव्हर यांचा हट्ट धरला. त्यांची नवी सायकल आता बनत नाही, पण मुलांच्या सायकली बनवणाऱ्या चांगल्या कंपन्यांना त्यांनी जी शिस्त लावली, ती टिकली आहे.

व्हिसलरला लिफ्टच्या रांगेत एका बापाला मी बघत होते. मुलगी सातेक वर्षांची, चोवीस इंची चाकांची भाड्याची सायकल. त्याने तिला हँडल धरायला सांगितलं, तर्जनी पुढे कर म्हणाला. बोटाचं टोक लिव्हरला जेमतेम लागत होतं. खिशातून बारीक अ‍ॅलन की काढून त्याने लिव्हरच्या मुळाशी असलेला स्क्रू थोडा फिरवला, लिव्हर हँडलकडे सरकला. पुन्हा बोट, पुन्हा अर्धा फेरा. शेवटी बोटाचं पहिलं पेर लिव्हरवर वळलं, उरलेली तीन बोटं हँडलवर घट्ट राहिली. मग त्याने पुढच्या धक्के शोषणाऱ्या चिमट्यातली हवा तपासली, कारण पंचवीस किलोच्या मुलीखाली मोठ्यांच्या वजनाला भरलेला चिमटा दबतच नाही. एवढं झाल्यावरच तो रांगेत पुढे सरकला. मागचे लोक थांबले होते, कुणी कुरकुर केली नाही.

अमेरिकेत मात्र छोट्या सायकलींच्या बाबतीत सरकारी नियम आडवा येतो. ग्राहक सुरक्षा आयोगाने 1970 च्या दशकात केलेल्या नियमांनुसार फूटपाथवर चालवायच्या छोट्या सायकलीला नुसता हाताचा ब्रेक चालत नाही, सीट ठराविक उंचीपेक्षा वर असेल तर पायाचा ब्रेक हवाच. तेव्हाचे हातब्रेक आणि मुलांच्या बोटांतली ताकद पाहता हा नियम समजण्यासारखा होता. पण रिपॅकवर ज्याचा धूर झाला तोच हा ब्रेक. उतारावर मुलाने पायडलं समांतर करायला पाय जरा मागे नेला की नको तेव्हा मागचं चाक अडतं. आणि खरंच थांबायचं असेल तेव्हा पायडल नेमकं जोर देता येईल अशा जागी असेलच असं नाही. आजचे चांगले हातब्रेक सहा वर्षांचं मूल एका बोटाने दाबू शकतं. म्हणून काही कंपन्या मुलांच्या सायकलीसाठी फ्रीव्हीलचं, म्हणजे पायडल उलटं फिरवलं तरी न अडणारं, मागचं चाक वेगळं विकतात, आणि पालक ते घरी बसवून मगच मुलाला डोंगरावर नेतात. उतारासाठी बनवलेल्या मुलांच्या सायकलींना या नियमातून आयोगाने रीतसर मोकळीक द्यावी, असं मला ठाम वाटतं. तोवर मुलाच्या सायकलीला उलट्या पायडलचा ब्रेक असेल, तर भाड्याच्या दुकानातून दोन्ही हातांनी ब्रेक लावता येणारी त्याच्या उंचीची सायकल घ्यावी, आणि घरची गाडीच्या डिकीतच राहू द्यावी.