मडक्यातील बी आणि शीतगृहातील बी

गोमंतकात ज्याला अळसांदे म्हणतात, त्यालाच बेळगावकडील कानडी शेतकरी अलसंदी म्हणतो, हैदराबादेत तेलुगू घरी त्याचे अलसंदलु होते, बडोद्यास गुजराती शेजारी त्याला चोळा म्हणतात आणि मराठी माणूस चवळी. नावे जशी निराळी, तसे वाणही निराळे. कोठे दाणा टपोरा तर कोठे बारीक. कोठे तांबूस, तर कोठे पांढरा व डोळ्याशी काळा ठिपका असलेला. मूळच्या आफ्रिकेतील आणि प्राचीन काळीच भारतात रुजलेल्या या कडधान्यातून गावोगावच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेले हे धन होय.

गोव्यात भाताची कापणी झाली की त्याच शेतात, मातीत उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरण्याची चाल आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. पुढील पेरणीचे बी घरीच निवडून, उन्हात वाळवून, राखेत घोळवून मडक्यात ठेवावयाचे, ही जुनी रीत. चवळीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे असा वाण घरच्या घरी शुद्ध राहतो. परंतु तो एखाद्या घराच्याच आधाराने जगत असेल, तर त्या घराने पेरणी सोडताच तो संपतो. शिवाय भुंगेऱ्याचे भय असतेच. मादी दाण्यावर अंडी घालते, अळी आत शिरून गर खाते आणि वाटोळे छिद्र पाडून भुंगेरा बाहेर पडतो. काही महिन्यांत मडक्यात टरफलेच उरतात.

यावरील उपाय म्हणजे बीजपेढी. तेथे बी प्रथम हळूहळू वाळवितात, मग हवाबंद पाकिटांत घालून उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. सर्वसाधारण नियम असा की, ठरावीक मर्यादेत बियांतील ओलावा शेकडा एकाने घटला, अथवा तापमान ५ अंशांनी उतरले, की बियांचे आयुष्य दुप्पट होते. भारतात १९७६ साली स्थापन झालेली दिल्लीची राष्ट्रीय संस्था हे कार्य करते. १९६७ साली नायजेरियात इबादान येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृषिसंस्थेपाशी तर चवळीचे १५,००० हून अधिक नमुने आहेत. त्यांतील पुष्कळांच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ साली उघडलेल्या भांडारात ठेवल्या आहेत.

हा खटाटोप कशासाठी? इबादानच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात संग्रहातील नमुने भुंगेऱ्यासमोर ठेवून तपासले, तेव्हा टीव्हीयू २०२७ या क्रमांकाच्या वाणात त्या किडीला काही अंशी तोंड देण्याची शक्ती आढळली. तिचा उपयोग नव्या जाती तयार करण्यासाठी झाला. तो नमुना कोणी जपला नसता, तर हा गुण कोणाला कळलाही नसता.

तथापि पेढीतील बीही अमर नसते. त्याची उगवणशक्ती ठरावीक काळाने तपासावी लागते व ती घटू लागताच ते शेतात पेरून नवे बी घ्यावे लागते. बियांबरोबर गाव, जमीन, पेरणीचा काळ आणि स्वयंपाकातील उपयोग यांचीही नोंद हवी. ही माहिती वृद्ध शेतकरी व गृहिणी यांच्यापाशीच असते. शिवाय शीतगृहातील वाण बदलत्या पावसाशी व नव्या किडींशी जुळवून घेत नाही. ते शेतातच घडते. म्हणून शीतगृहाने घरच्या मडक्याची जागा घेऊ नये, त्याला साथ द्यावी. ज्या घरी आजही अळसांद्याचे जुने बी आहे, त्याने मूठभर बी पेढीला द्यावे आणि उरलेले पुढील हंगामात अवश्य पेरावे.