भिंतीला ओल आली, आता काय करावे?

पावसाळा लागला की पुष्कळ घरांत एकच तक्रार ऐकू येते. भिंतीला ओल येते. चुन्याचे पोपडे सुटतात. मग तेथे काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. पेटीतल्या कपड्यांना कुबट वास येतो. ही बुरशी. लोक म्हणतात, "पावसाचे दिवस आहेत, चालायचंच!" पण बुरशी चालवून घेऊ नये.

बुरशीचे बीजाणू फार बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. हवेत ते सगळीकडे असतात. ओल मिळाली की तेथे रुजतात. श्वासाबरोबर आत गेले की कोणाला शिंका येतात, कोणाला खोकला लागतो. दमेकऱ्याचा दमा वाढतो. लहान मुलांना व म्हाताऱ्यांना जास्त जपावे लागते.

ओल कोठून येते?

आधी हे शोधून काढा. ओलीच्या वाटा मुख्यतः तीन.

पहिली वाट वरची. कौल फुटलेले असते, गच्चीला भेग असते, किंवा नळ गळत असतो. दुसरी वाट खालची. जमिनीतले पाणी भिंतीत वर चढते. तिसरी वाट आपल्याच घरातली. चुलीची वाफ कोंडते. खोलीतच ओले कपडे वाळत घालतो. खिडकी दिवसभर बंद असते.

तिसऱ्या वाटेचा उपाय आपल्याच हाती आहे. खिडकी उघडा. पेटी-कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, ती हवेत उडते. नाकातोंडाला फडके बांधा आणि साबणाच्या पाण्याने पुसा. मग भिंत वाळू द्या.

पहिल्या दोन वाटा बंद करणे हे दुरुस्तीचे काम आहे. ओल तशीच ठेवून वरून चुना फासला, तर बुरशी पुन्हा येणारच.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. तो २००० सालापासून अमलात आला. त्याचे कलम १४ लक्षात ठेवा. घर राहण्याजोगे व दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे काम आहे, असे ते कलम सांगते. मात्र 'दुरुस्ती भाडेकरू करील' असे तुम्ही करारात लिहून दिले असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा.

घरमालकाला आधी लेखी नोटीस द्यावी. तिची मुदत १५ दिवसांपेक्षा कमी नसावी. नोटीस अशी लिहावी :

"घरमालक यांस,
आपल्या चाळीतील खोली क्रमांक ७ मध्ये मी भाड्याने राहतो. छपराची कौले फुटल्यामुळे भिंतीत पाणी झिरपते व बुरशी आली आहे. तरी १५ दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. न केल्यास मी ती करून घेईन व खर्च कलम १४ प्रमाणे भाड्यातून वळता करीन.
तारीख व सही"

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. हातात दिली तर नकलेवर सही घ्या. भिंतीचे फोटो काढून ठेवा. छप्पर सगळ्यांचे असेल, तर शेजाऱ्यांनी मिळून नोटीस द्यावी.

मुदत संपली, वाजवी वेळ गेला, तरी काम झाले नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून घ्यावी. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम त्या वर्षात कापता येत नाही. समजा, भाडे महिना ४०० रुपये आहे. वर्षाचे झाले ४,८०० रुपये. त्याचा चौथा हिस्सा १,२०० रुपये. तेवढेच त्या वर्षी कापता येतील. गवंड्याची व सामानाची प्रत्येक पावती ठेवा. पावत्या हाच तुमचा पुरावा.

एवढे मात्र करू नका

रागाने भाडे देणे बंद करू नका. भाडे थकले की घरमालकाला जागा परत मागायला कारण मिळते. भाड्याची पावती दर वेळी मागा. ती देणे मालकावर बंधनकारक आहे.

"बोललो तर मालक घराबाहेर काढील," अशी भीती पुष्कळांना वाटते. पण दुरुस्ती मागितली, एवढ्याच कारणावरून भाडेकरूला काढता येत नाही. त्यासाठी कोर्टात जावे लागते आणि कायद्यातले कारण दाखवावे लागते.

तुमचा कागद 'लिव्ह अँड लायसन्स'चा असेल, तर तुम्ही कायद्याने भाडेकरू ठरत नाही. मग करारात दुरुस्तीविषयी काय लिहिले आहे ते पाहा.

अडचण आली तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार व कमी उत्पन्नाची माणसे यांना तेथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो.

तोंडी तक्रार विसरली जाते. लिहिलेला कागद राहतो.

वाचा आणि सांगा

१. ओलीच्या तीन वाटा कोणत्या?
२. नोटिशीची मुदत किती दिवसांची असावी?
३. तुमच्या घराचे वर्षाचे भाडे किती? त्याचा चौथा हिस्सा काढा.