धोबीतलावची कूड

मुंबईत धोबीतलावच्या जेर महालात जिना चढून वर गेलं की दारांवर गोव्यातल्या गावांची नावं दिसू लागतात. आत लांबट खोली, भिंतीशी वेदी, कडेने ओळीने मांडलेल्या पेट्या. पाटीवर ‘क्लब’ लिहिलेलं असलं तरी गोंयकार, म्हणजे गोव्याची माणसं, तिला ‘कूड’ म्हणतात.

कुडीत माणसाची हक्काची जागा म्हणजे त्याची पेटी. कपडे, कागदपत्रं, घरची पत्रं सगळं तिच्यात. रात्री चटई पसरायची, सकाळी गुंडाळायची. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. त्या वेळी खोलीत असेल त्याने सामील व्हायचंच. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. कोण आजारी आहे, कोणाला बोट मिळाली, कोण रिकामा बसलाय, हे रोज आपोआप कळतं.

पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात पोटापुरतं काम नव्हतं. एकोणिसाव्या शतकापासून आचारी, वादक, शिंपी मुंबईला येऊ लागले, आणि मोठ्या संख्येने तारवटी, म्हणजे खलाशी. बोटीवरची नोकरी कंत्राटाची. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत शहरात थारा हवा. त्यासाठी एकेका गावाने मिळून खोली भाड्याने घेतली, तीच कूड. बायकांना तिथे मुक्काम नव्हता, काही कुडींना जातीचंही दार होतं.

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या याच गरजेतून उभ्या राहिल्या. गिरणीतला रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याच्या रिकाम्या जागेवर आपली वळकटी उलगडायचा.

न्यूयॉर्कमध्ये ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ सालची अशीच एक चाळ. हजारो स्थलांतरित माणसं तिच्यात राहून गेली. १९३५ नंतर वरच्या खोल्या बंद पडल्या. १९८८ साली स्थापन झालेल्या टेनेमेंट म्युझियमने त्या घरांत राहिलेल्या कुटुंबांची नावं शोधून त्यांच्या खोल्या पुन्हा मांडल्या. तिथे माणसं गेल्यावर शोध सुरू झाला. आपल्याकडे कुडीत अजून दिवा लागतो, विचारायला माणसं आहेत.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय योजलं आहे. तिथे मागाशेजारी एक वळकटी आणि एक पेटीही ठेवावी. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी असेल, तर भंगारात देण्याआधी उघडा. आतल्या कागदांवरची नावं आणि तारखा वहीत उतरवून घ्या.