आठातले तीन

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेत चार-पाच वर्षांचा हामिद ईदच्या जत्रेला जातो आणि आजीसाठी लोखंडी चिमटा घेऊन घरी येतो. तव्यावरची रोटी काढताना तिची बोटं पोळतात, म्हणून. ‘हामिदचे स्वभाववर्णन करा’ असा प्रश्न आला की ‘त्यागी, समजूतदार, प्रेमळ’ लिहून आपण मोकळे होतो. मीही बरीच वर्षं ही कथा तशीच वाचत आले. मग एकदा कथेतले नुसते पैसे मोजले आणि चकित झाले.

हामिदच्या दोस्तांपैकी महमूदकडे बारा पैसे, मोहसिनकडे पंधरा. हामिदकडे तीन. गरिबी दाखवायला एवढं पुरलं असतं. पण प्रेमचंद आणखी एक आकडा सहज सांगून जातात: घरात एकूण दोन आणेच उरले आहेत. तेव्हा आण्याचे चार पैसे, म्हणजे सगळे मिळून आठ. त्यातले तीन नातवाच्या खिशात, पाच आजीच्या, अमीनाच्या बटव्यात. म्हातारीचं नातवावर किती प्रेम आहे, हे सांगायला विशेषण लागलंच नाही. आठातले तीन! आणि तेच तीन पैसे संध्याकाळची वाट न पाहता चिमटा होऊन तिच्याच हातात परत येतात. मधल्या वाटेत जे घडतं, त्यातून हामिद कळतो.

तो काही लहानगा संत नाही. खेळण्यांना तो ‘मातीची तर आहेत, पडली की फुटतील’ म्हणून नावं ठेवतो, पण हात मात्र आपोआप त्यांच्याकडे जातात. दोस्त रेवडी दाखवून चिडवतात, तेव्हा तो मनातल्या मनात त्यांना भरपूर बोलून घेतो. चिमट्याचे सहा पैसे, शेवटी पाच, असं दुकानदार म्हणतो, तेव्हा हामिद काळीज घट्ट करून ‘तीनला देणार?’ विचारतो आणि ओरडा बसेल या भीतीने पुढे चालू लागतो. दुकानदार ओरडत नाही, परत बोलावतो. मग चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर! हा खांद्यावरचा चिमटा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. नुसतं ‘त्यागी’ म्हटलं की हे मूल हातातून निसटतं. इतकं सगळं हवंसं वाटणाऱ्या पोराने चिमटा घेतला, म्हणून तर त्या तीन पैशांना वजन आहे.

कथेचा गाभाही मग ‘त्याग’ या एका शब्दात मावत नाही. घरी आजी आधी रागावते: दुपार झाली, पोटात काही नाही, आणि आणलं काय, तर चिमटा! पोर अपराध्यासारखं तिच्या बोटांचं सांगतं, तशी ती लहान मुलीसारखी रडू लागते. त्या क्षणी नातू वडीलधारा झालेला असतो आणि आजी पोर. ती पदर पसरून दुवा देत राहते. ती का रडते आहे, हे हामिदला कुठून कळणार?