बेंजोच्या तारा आणि लाकडाची स्मरणशक्ती

मराठवाड्यातल्या गुलमंडीच्या दाटीतून गणपतीची मिरवणूक किंवा एखादी वरात जाते, तेव्हा ढोल-ताशाच्या गदारोळावर तरंगणारा एक धारदार, थरथरता सूर कानावर येतो. तो बेंजोचा. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या गोल बँजोशी याचा संबंध नाही. हा आपला बुलबुलतरंग. जुनी मेंडोलिनं आणि युकुलेले यांच्यामागे जगभरचे संग्राहक वेडे आहेत. मला वाटतं, आपल्याकडे छोट्या तंतुवाद्यांचा संग्रह करायचा तर सुरुवात या वाद्यापासून व्हायला हवी.

याचं मूळ जपानात आहे. १९१२ मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरची बटणं तंतुवाद्यावर बसवली आणि ‘ताइशोगोतो’ तयार झालं. तिथून ते भारतात आलं आणि इथलंच झालं. बलुचिस्तानात त्याचा आकार वाढला, त्याला ‘बेंजू’ म्हणू लागले, आणि तिथल्या लोकसंगीतात ते मानाने वाजतं. महाराष्ट्रात ते मिरवणुकांत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीतल्या वादकांच्या गळ्यात लटकलं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये या वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला.

ही वाद्यं लहान का असतात? वाहून न्यायला सोपी, हे अर्धंच उत्तर. मारिन मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६३६ मध्ये तारेचे नियम मांडले: तार आखूड केली, जास्त ताणली किंवा बारीक घेतली की सूर चढतो. पण ताणण्याला मर्यादा आहे, आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडते. जाड तार जास्त ताण सोसते खरी; पण तोच सूर काढायला तिला तितक्याच पटीने जास्त ताणावंही लागतं. त्यामुळे एकाच लांबीच्या पोलादी तारा, जाड असोत की बारीक, जवळजवळ एकाच सुराला तुटतात! मेंडोलिनची सर्वांत उंच तार सेकंदाला ६५९ कंपनं करते. ती साधारण ३५ सेंटिमीटर लांब असते म्हणूनच हे जमतं. गिटारच्या ६५ सेंटिमीटरच्या मोकळ्या पोलादी तारेतून तो सूर काढू गेलात, तर त्याच्या बराच आधी तार तुटेल.

तार जिथे टेकते त्या पडद्यांचं गणितही जुनंच आहे. गॅलिलिओचे वडील विन्सेंझो गॅलिली ल्यूट वाजवत. प्रत्येक पडदा उरलेल्या तारेच्या अठराव्या भागावर बसवावा, असं त्यांनी १५८१ मध्ये लिहिलं. आजचा काटेकोर आकडा १७.८ च्या आसपास येतो. बेंजोत बटण दाबलं की धातूची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते, म्हणजे बोटाचं काम यंत्र करतं. त्याची किंमत अशी की मींड जवळपास हातची जाते. मेंडोलिनवर बोट थेट तारेवर असतं, पण आखूड, ताठ, जोडीने बांधलेल्या तारा खेचणं अवघडच. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तरीही त्यावर शास्त्रीय राग वाजवले. मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी जोड्या काढून टाकल्या आणि विजेच्या मेंडोलिनवर पाच सुट्या तारा ठेवल्या.

संग्राहकाची खरी परीक्षा लाकडात असते. मेंडोलिनच्या आठ तारांचा एकत्र ताण सत्तर-पंचाहत्तर किलोपर्यंत जातो; युकुलेलेच्या नायलॉनच्या चार तारांचा वीस किलोच्या आतच. एक मोठा माणूस त्या नाजूक पेटीवर वर्षानुवर्षं बसून राहावा तसा मेंडोलिनचा हा भार असतो. लाकूड लगेच मोडत नाही, हळूहळू वाकतं, आणि वाकलेलं पूर्ववत होत नाही. म्हणून युकुलेलेला हौसेने पोलादी तारा चढवू नका. तबकडीवर चिकटवलेली घोडी उखडून येते. हलक्या बांधणीच्या जुन्या इटालियन मेंडोलिनला आजच्या जाड तारा नकोत. जे वाद्य वाजवायचं नाही, त्याच्या तारा दोन-तीन सूर उतरवून ठेवाव्यात.

त्यात मराठवाड्याची हवा. मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत, ऑगस्टमध्ये ओलसर. कोरड्या हवेत लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने जवळपास आकसत नाही, आडव्या दिशेने मात्र कितीतरी पट आकसतं. म्हणून तडे नेहमी उभ्या रेषांना धरून जातात. वाद्य ठेवायच्या पेटीत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राखावी. उन्हाळ्यात भोकांच्या डबीत ओला स्पंज ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. सांधा निखळला तर सरसच वापरावा. कोमट पाण्याने तो मऊ होतो आणि पुढचा दुरुस्त करणारा सांधा न मोडता उघडू शकतो. इपॉक्सीने ही वाट कायमची बंद होते.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. तोच आदर बेंजोला मिळालेला नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते आणि वाद्यं अशा घराघरांतल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्या नजरेनेच बेंजो पाहायला हवा. जुन्या पेटीला भोक पाडून पिकअप बसवलेला असेल तर तो काढू नये. पिकअपमध्ये तारांच्या कंपनाने चुंबकाचं क्षेत्र हलतं, गुंडाळीत वीज निर्माण होते आणि तीच भोंग्यापर्यंत जाते. हे वाद्य रस्त्यावर कसं टिकलं, याचा पुरावा त्या भोकातच आहे.

दुसरा पुरावा पडद्यांवर असतो. पोलादी तार वर्षानुवर्षं टेकून पितळेत बारीक खाच पडते, आणि ती सगळीकडे सारखी नसते. कोणत्या पडद्यांवर खाचा खोल आहेत हे भिंगाने पाहिलं, तर वादक कोणत्या पट्टीत रमायचा, कोणते सूर टाळायचा, याचा अंदाज बांधता येतो. दुरुस्तीला दिलं की कारागीर पहिल्यांदा पडदे घासतो किंवा बदलतो. तेव्हा कानस लागण्याआधी प्रत्येक पडद्याचा जवळून फोटो घ्यावा, बदललेले पडदे क्रमांक घालून पाकिटात ठेवावेत आणि पेटी कुणाकडून, कुठल्या गावातून आली हे त्या पाकिटावर लिहावं.